खटक्यानंतरचा चेहरा

मध्यंतरी एका आजींचे फोटो काढायला गेले होते. घरातल्यांना त्यांचा एक नीट, मोठा करून भिंतीवर लावता येईल असा फोटो हवा होता. आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत स्थिर झाल्या. उजेड सुरेख होता. डाव्या बाजूने येऊन गालावर उतरणारा, मऊ. माझ्या हातात मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा होता आणि सवयीप्रमाणे शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, इलेक्ट्रॉनिकवर, म्हणजे आवाज पूर्ण बंद. मी समोरून काही फ्रेम घेतल्या, जरा वाकून काही घेतल्या, कॅमेरा उभा धरून आणखी काही. आजी हलेनात. शेवटी ओठ फारसे न हलवता त्यांनी विचारलं, "झालं का गं?" म्हटलं, "हो आजी, कधीच झालं." तेव्हा कुठे त्यांनी खांदे सैल सोडले, मोठा श्वास टाकला आणि थोड्या नाराजीनं म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं नाही का? काही आवाज नाही की काही नाही. मी आपली बसलेय तशीच."

त्या वेळी दोघीही हसलो. पण घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर बघायला बसले आणि ते वाक्य पुन्हा कानात वाजायला लागलं. फोकस बरोबर पापणीवर होता, उजेड हवा तसा आला होता, कातडीचा पोत, चष्म्याच्या कडेवरची चमक, कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती. तरी एकामागून एक फ्रेम पुढे ढकलताना लक्षात येत गेलं की सगळ्यांत चेहरा एकच आहे. मान तीच, हनुवटी तीच, डोळ्यांत तीच सावध वाट. मी फोटो काढत होते तो सगळा वेळ आजी फोटो सुरू व्हायची वाट बघत होत्या. खटका ऐकू आला की आपलं काम संपलं, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं, आणि तो खटका काही येत नव्हता.

मला एकदम मामा आठवला.

माझ्या हातात पडलेला पहिला कॅमेरा मामाचा. आग्फाचा क्लिक थ्री. काळी आटोपशीर पेटी, १२० चा रोल, रोलला १२ फोटो, मागच्या बाजूला लाल काचेची छोटी खिडकी आणि चावी फिरवली की त्यातून सरकत येणारे आकडे. करण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. ऊन कुठून येतंय ते बघायचं, माणूस किती लांब आहे ते बघायचं, पेटी डोळ्याला घट्ट लावायची, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. आवाज बारीक, कोरडा, एखादी सुकी काडी मोडल्यासारखा. मामा माझ्या मागे उभा राहायचा आणि फोटो कसा येईल याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्याचं सगळं लक्ष समोर बसलेल्या माणसाकडे असायचं. त्याचं म्हणणं असं की पहिला फोटो त्यांचा आणि दुसरा आपला. पहिल्यात माणूस स्वतःला जसं दाखवायचं ठरवून आलाय तसा येतो, आणि तो त्याला द्यायचा, कारण तो त्याचा हक्क आहे. पण खटका झाला की माणूस सुटतो. मान ढिली पडते, तोंड बंद असेल तर उघडतं, नजर कॅमेऱ्यावरून निघून शेजारच्या कुणाकडे तरी जाते, बऱ्याचदा हसू फुटतं. ते सुटणं अर्ध्या-पाऊण सेकंदाचं असतं. तेवढ्यात रोल पुढे सरकवून तुझा हात तयार पाहिजे.

क्लिक थ्रीवर ते जमणं जवळजवळ अशक्य होतं. चावी फिरवून लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत माणूस उठून गेलेला असायचा. म्हणून मामा दुसरा फोटो मनातल्या मनात काढायला लावायचा. खटका झाला की कॅमेरा खाली घ्यायचा आणि नुसतं बघायचं. पुढे अंगठ्यानं लिव्हर ओढून रोल सरकवायचे कॅमेरे हातात आले तेव्हा अंगठा आपोआप पळायला लागला, पण बघायची सवय त्या पेटीनं लावली.

पेन्टॅक्सचा के १००० आला आणि पुष्कळ वर्षं राहिला. १९७६ पासून १९९७ पर्यंत फारसा न बदलता बनत राहिलेला हा कॅमेरा. सेल लागायचा तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. सेल संपला तरी बाकी सगळं धडधाकट चालू. त्याच्या आवाजाला 'क्लिक' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. खटका दाबला की आतला आरसा उसळून वर जायचा, लेन्सची पाती ठरवलेल्या अ‍ॅपर्चरपर्यंत, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाच्या मापापर्यंत, मिटायची, रबर चढवलेल्या कापडाचा पहिला पडदा आडवा धावायचा, त्याच्यामागे दुसरा, आणि मग आरसा परत खाली. कानाला हे सगळं मिळून एकच ऐकू यायचं, पण वर्षानुवर्षं वापरल्यावर त्यातले थर वेगळे कळायला लागतात. १/१००० सेकंदाच्या वेगावर आवाज आखूड आणि गच्च. १/१५ वर दोन पडद्यांमधली फट कानाला जाणवते. पूर्ण एक सेकंदावर आतली चक्रं कुरकुरत फिरतात आणि ती थांबेपर्यंत आपलं काळीजही थांबलेलं असतं. चुकून भलत्याच वेगावर ठेवून कुणी माझा कॅमेरा उचलला आणि खटका दाबला, तर दुसऱ्या खोलीतून मला कळायचं. निकॉनचा एफएम टू त्यानंतरचा. १९८२ साली तो आला तेव्हा १/४००० हा वेग ऐकूनच छाती दडपायची. त्याचं शटर वरून खाली धावणाऱ्या टायटॅनियमच्या पातळ पात्यांचं, त्यांच्यावर षट्कोनी नक्षी, आणि आवाज टणक, धातूचा, मागे रेंगाळ न ठेवणारा. के १००० नं फोटो काढला की माणसं डोळे मिचकावायची. एफएम टू नं काढला की किंचित दचकायची. दोन्हीनंतर मात्र ती सुटायची, आणि अंगठा लिव्हर ओढून मोकळा झालेला असायचा.

आरशाच्या कॅमेऱ्यांची एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते आणि आत काम करणाऱ्यांना इतकी माहीत असते की ते बोलत नाहीत. आरसा वर जातो तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असतो. ज्या क्षणी फिल्मवर उजेड पडतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. पूर्वी तर आरसा वर गेला की रोल पुढे ओढेपर्यंत खाली यायचाच नाही. असाहीफ्लेक्स या जपानी कॅमेऱ्यात १९५४ साली आपोआप परत येणारा आरसा आला आणि मग सगळ्यांनीच तो घेतला. तरी ती काळोखाची झापड राहिलीच. एवढा मोठा काळ मी असे फोटो काढले की जे मी स्वतः पाहिलेले नव्हते. पाहिलं ते फक्त अलीकडचं आणि पलीकडचं. मला वाटतं, खटक्यानंतरच्या चेहऱ्याकडे माझं इतकं लक्ष जायचं त्याचं हेही एक कारण असणार. झापड उघडल्यावर पहिल्यांदा तोच दिसायचा.

यशिका मॅट या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. त्यात शटर लेन्सच्या आतच, पात्यांचं, इतकं हलकं की गर्दीत आपल्यालाच शंका यावी. पण त्याची भरपाई शरीर करायचं. तो कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं, म्हणून माणूस डावीकडे सरकला की आपण भलतीकडेच वळायचो. हात शिकायला बरेच दिवस लागले. समोरच्याला आपला डोळा दिसत नाही, आपली वाकलेली मान दिसते. लहान मुलं तर उठून काचेत डोकवायला यायची. फोटो झाला की मी मान वर करायचे, नजरानजर व्हायची, आणि तीच खूण पुरायची. मान वर झाली म्हणजे झालं.

विचार करत गेलं तर अशी काहीतरी खूण सुरुवातीपासूनच होती. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये डागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली तेव्हा प्लेटला कित्येक मिनिटं उजेड लागायचा. पुढच्याच वर्षी पेत्झवालनं जास्त उजेड आत घेणारी लेन्स बनवली आणि माणसांचे चेहरे टिपणं आवाक्यात आलं, तरीही खुर्चीच्या मागे मान धरून ठेवणारा लोखंडी टेकू लागायचाच. त्या काळात शटर नव्हतं. फोटोग्राफर लेन्सवरचं झाकण हातानं काढायचा, मोजायचा, आणि पुन्हा लावायचा. बसलेल्या माणसाला सुरुवात दिसायची आणि शेवटही दिसायचा. नंतर फ्लॅशचे बल्ब आले, एका फोटोला एक बल्ब. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा हातात भलाथोरला स्पीड ग्राफिक कॅमेरा घेतलेला फोटो बघितला की मला नेहमी त्या कॅमेऱ्याची कामं डोळ्यांसमोर येतात: होल्डर आत सरकवा, झाकणपट्टी ओढा, शटर ताणा, बल्ब लावा, मग फोटो, मग पट्टी परत, होल्डर उलटा, जळलेला बल्ब काढा. असा कॅमेरा घेऊन कुणी चोरून फोटो काढू शकत नाही. समोरच्या माणसाला कळतंच की आता काढला, आणि आता पुढचा निघेपर्यंत आपल्याला उसंत आहे.

पण मी शांततेच्या विरुद्ध बोलायला बसलेले नाही. शांत कॅमेऱ्यासाठी मी स्वतः तळमळले आहे. नाटकांचे फोटो काढायचे तेव्हा विंगेत उभी राहून मी टाळ्यांची, संगीताच्या तुकड्याची, कुणीतरी ओरडण्याची वाट बघायचे, कारण नटानं घेतलेल्या थांब्यात एफएम टू चा टणत्कार म्हणजे गुन्हा. उत्तम क्षण त्या थांब्यातच असायचे आणि ते मी डोळ्यांनी बघून सोडून द्यायचे. चित्रपटांच्या सेटवर स्थिरचित्रं काढणारे कॅमेरा जाड पेटीत कोंडून काम करायचे, लेन्स बाहेर आणि बाकी सगळं आत, केवळ आवाजासाठी. लायका या छोट्या कॅमेऱ्याचं एवढं कौतुक झालं त्यातही आवाजाचा वाटा आहे. तो घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकला दम्याचा त्रास, काचेच्या प्लेटांचं ओझं घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या पेटीत बसवली; १९२५ मध्ये लायका बाजारात आला, त्यात आरसा नव्हता, आणि रस्त्यावरच्या माणसाला पत्ता न लागता फोटो निघायला लागला. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या कॅमेऱ्याची चकाकणारी अंगं काळ्या पट्टीनं झाकून घ्यायचा. त्याला कुणी सुटायला नकोच होतं, कारण त्याच्यासाठी कुणी बसलेलंच नसायचं. म्हणून मिररलेस कॅमेऱ्यात पहिल्यांदा आवाज शून्य करता आला तेव्हा मला अक्षरशः पंख फुटले. नटाच्या थांब्यात, तान्ह्या बाळाच्या झोपेत, आजारी माणसाच्या खोलीत, जिथे जिथे मी इतकी वर्षं खटका गिळला होता तिथे आता हात मोकळा झाला. ते सुख अजूनही ताजं आहे.

फोनचं वेगळंच. त्यात हलणारा पडदा नाही, आरसा नाही, तरी लोकांनी त्यात खटक्याचा आवाज रेकॉर्ड करून घातला. जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये तर तो आवाज बंद करण्याची सोयच वर्षानुवर्षं ठेवली नव्हती, चोरून कुणी कुणाचे फोटो काढू नयेत म्हणून. यंत्राला ज्या आवाजाची गरज उरली नव्हती, त्याची माणसांना होती. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा सोडून दिली होती. आजींच्या त्या प्रश्नानंतर ती नीट समजली.

आता दुसरी बाजू. खटका झाला म्हणजे खरंच झालं का? फिल्मच्या काळात तर खटक्यानंतर हातात काहीच नसायचं. चांदीच्या क्षारांच्या एकेका कणात उजेडानं मोजके चांदीचे अणू मोकळे केलेले असतात, बस. ते कुठल्याही डोळ्याला दिसत नाहीत. ते तसेच थांबतात, आणि थांबू शकतात किती! १८९७ मध्ये आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल असे तिघे स्वीडिश बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बेपत्ता झाले. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यात स्ट्रिंडबर्गनं टिपलेल्या फिल्मही होत्या. तेहतीस वर्षं बर्फात आणि ओलीत पडलेल्या. योन हर्ट्झबर्गनं त्या स्टॉकहोममध्ये धुतल्या आणि ९३ चित्रं हाती आली. बर्फावर कलंडलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं. खटका दाबणारा मरून गेला होता, समोर उभे असलेले मरून गेले होते, आणि फोटो तेव्हा कुठे झाला. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे जवळपास अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. तो तसाही मुद्दाम थांबायचा. फोटो काढतानाचा आनंद किंवा त्रास पुरता ओसरल्याशिवाय त्याला आपले फोटो निवडायचे नसत.

आमची डार्करूम म्हणजे मामाच्या घरची न्हाणी. खिडकीला दुहेरी घोंगडी, दाराखालच्या फटीत टॉवेल. फिल्म भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही. पूर्ण काळोखात रोलची टोपी उचकटायची, पुढचं निमुळतं टोक कात्रीनं सरळ कापायचं आणि फिल्म रिळाच्या खाचेत घालून दोन्ही हातांनी पुढे-मागे करत आत घ्यायची. बरोबर चाललं असेल तर एक बारीक सळसळ होते. अडकली तर एक विशिष्ट करकर ऐकू येते आणि पोटात गोळा येतो, कारण तिथे फिल्म मुडपून तिच्यावर चंद्रकोरीचा काळा डाग उमटणार असतो. मग टाकीचं झाकण, दिवा, आणि चित्र उमटवणारं डी-७६ हे डेव्हलपर. एकास एक पाणी घातलेलं, वीस अंशांवर आणलेलं, ट्राय-एक्स फिल्मसाठी पावणेदहा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करायची आणि खाली ठेवताना हलकेच आपटायची, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून. मग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं पाणी, त्याचा नाकात चढणारा वास, आणि मग हायपो. सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेलला १८१९ मध्येच कळलं होतं. वीस वर्षांनी फोटोग्राफी आली आणि त्याचा उपयोग सापडला. हायपोचा वास बोटांना दिवसभर राहायचा. रोल धुऊन दोरीवर लटकवला की मामा ओल्या निगेटिव्हला हात लावू द्यायचा नाही, पण लांबून दिव्यासमोर बघायला परवानगी असायची. काळे चेहरे, पांढरे केस उलट होऊन काळोखासारखे, आणि तरी कोण कोण आहे ते कळायचं. त्या क्षणापर्यंत फोटो काढून घेणारा आणि काढणारा दोघेही सारखेच अंधारात. चांगला आलाय की नाही, डोळे मिटलेत की काय, दोघांनाही माहीत नाही.

ही बरोबरी मात्र तिथेच संपायची. निगेटिव्ह बघायचे मी, कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे सगळा रोल मूळ आकारात छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिलीनं खूण करायचे मी, कुठला मोठा करायचा ते ठरवायचे मी. बसलेल्या माणसाला थेट प्रिंटच मिळायची. आवडली तर ठीक, नाही तर मुकाट्यानं पाकिटात घालून घरी. मी त्या काळाविषयी कितीही हळवी झाले तरी हे विसरायला मन तयार होत नाही. त्या दिवशी आजींनी मात्र माझ्या हातातून कॅमेरा अगदी सहज घेतला. मागच्या पडद्यावर फोटो सरकवायला त्यांच्या नातीनं शिकवलं आणि त्या एकेक बघत गेल्या. "हा नको. ह्यात मी माझ्या आईसारखी दिसतेय, हा ठेव. हा काढून टाक, आत्ता काढ, माझ्यासमोर." मी त्यांच्यासमोर काढून टाकला. के १००० घेऊन फिरणाऱ्या मला असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणूच शकलं नसतं. मामाच्या भाषेत बोलायचं तर पहिला फोटो त्यांचाच होता, आणि आज तो कुठला ते त्या स्वतः ठरवत होत्या. हे मिळालं ते थोडं नाही. दुसरा फोटो हरवला, हेही तितकंच खरं. खटका नसेल तर त्याच्यानंतरचं काही नसतं. माणूस कधी सुटला ते त्याचं त्यालाही कळत नाही. आजी सुटल्या त्या "झालं का" विचारल्यावर, आणि तेव्हा मी त्यांच्याशी बोलत होते, कॅमेरा खाली होता.

त्या आठवड्यात मी जुनं कपाट काढलं. कॅमेरे ठीक आहेत. सिलिका जेल वेळच्या वेळी बदलत आले, त्यामुळे एक जुनी झूम सोडली तर काचांना बुरशी नाही. यशिकाचं मीटर आता भरवशाचं राहिलेलं नाही, त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो आणि तो बनायचा बंद झाला, आजच्या सेलवर मीटर भलतंच सांगतं. काही अडत नाही. चारशेची फिल्म, कडक ऊन, अ‍ॅपर्चर १६, वेग १/५००, आणि सावली आली की तिथून खाली मोजत जायचं, हे बोटांना पाठ आहे. खरी चिंता निगेटिव्हची. एक डबा उघडला आणि आंबूस वास आला. अ‍ॅसिटेटची फिल्म म्हातारी झाली की तिच्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटायला लागतं, एका पट्टीला लागलं की शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं, आणि मग ती आक्रसून मुडपते. तो डबा आधी वेगळा केला. प्लास्टिकच्या पिशव्यांमधून पट्ट्या काढून कागदी पाकिटांत घातल्या आणि घालता घालता लाइट बॉक्सवर ठेवून बघत गेले.

तेव्हा त्या जोड्या दिसल्या. मला त्या तिथे आहेत हे माहीत होतं, मीच काढल्या होत्या, पण अशा रांगेत कधी पाहिल्या नव्हत्या. एका फ्रेममध्ये ताठ मान आणि मिटलेले ओठ, पुढच्यात तोच माणूस, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, सुटलेला. एक मास्तर, पहिल्यात दोन्ही हात गुडघ्यांवर, दुसऱ्यात एक हात डोक्यावर टोपी मागे ढकलणारा. दोघी बहिणी, पहिल्यात समोर बघणाऱ्या, दुसऱ्यात एकीचं कपाळ दुसरीच्या खांद्यावर, हसून वाकलेलं. एक तरुण, बहुधा नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेला. पहिल्यात डोळे विस्फारलेले, दुसऱ्यात मिटलेले, जांभईच्या सुरुवातीला. पट्टीमागून पट्टी. आणि लाल पेन्सिलीची खूण जवळजवळ प्रत्येक वेळी पहिल्या फ्रेमवर. साहजिक आहे. पैसे त्याचे होते, माणूस त्यासाठी आला होता, मीही तोच फोटो द्यायला बांधलेली होते. दुसरा आपला, असं मामा म्हणायचा. पण आपला म्हणून मी तो ठेवला आणि छापला कधीच नाही. त्या माणसांना तो निघालाय हेही ठाऊक नाही. ऐकला असेल तर दुसरा खटका ऐकला असेल, पण तोवर ती उठायच्या बेतात होती.

म्हणून आता मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. बसलेल्या माणसाचा फोटो असेल तेव्हा मिररलेसवर यांत्रिक शटर चालू ठेवायचं, आवाज येऊ द्यायचा. त्याचा आवाज एफएम टू इतका गोड नाही, जरा पोकळ आहे, पण माणसं त्याला ओळखतात आणि ओळखून खांदे सोडतात; हे मी त्यानंतर करून पाहिलंय. नाटक, झोपलेलं बाळ, आजारी माणूस यांच्यापाशी मात्र शांतताच. आणि दुसरी गोष्ट, त्या आंबूस वासाच्या डब्यातल्या जोड्या आधी छापायच्या, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. दोन्ही फ्रेम एकाच कागदावर, शेजारी शेजारी, कापाकापी न करता, फिल्मच्या काठावरच्या आकड्यांसकट. ज्यांचे पत्ते वहीत आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना पाठवीन, आणि नको असतील तर त्यांनी तसं सांगावं, म्हणजे मी त्या बाजूला ठेवीन. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचा बल्ब गेला होता, तो शोधायला बराच खटाटोप करावा लागला. लेन्स पुसली, कागद धरून ठेवणाऱ्या इझलच्या पट्ट्या काटकोनात बसवल्या, फिक्सर नवा कालवला. फायबर बेस पेपर वापरीन म्हणते. धुवायला जास्त वेळ लागतो, वाळताना वळतो, पण काळा रंग त्याच्यावर जसा बसतो तसा दुसऱ्यावर बसत नाही.

पहिली जोडी मामाची आहे. पहिल्या फ्रेममध्ये त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलंय आणि मला कडक नजरेनं शिकवतोय. दुसऱ्यात माझा अंगठा लिव्हरवर वेळेत पोचला म्हणून तो खूश झालाय. चेहऱ्याच्या सावलीत तपशील कमी आहे, तिथे उजेड थोडा अडवावा लागेल. मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर, ग्रेड दोनवर, सुरुवात करीन.